रानातली धिंगरी बाटलीत : घरगुती कलम आणि जिवाणूंपासून बचाव

पावसाळा लागला की खालापूर-कर्जतच्या रस्त्यांवर ठाकूर आणि कातकरी भगिनी रानभाज्यांबरोबर अळंबी विकायला बसतात. हंगाम थोड्या दिवसांचा, माल तेवढ्यातच संपतो. हीच अळंबी घरी वाढवून धंदा करता येईल काय? येईल, पण दोन अटींवर. जात योग्य हवी आणि पहिल्या बाटलीत जिवाणू शिरता कामा नयेत.

हापूसचे झाड कोयीपासून हुबेहूब मिळत नाही, म्हणून आपण कलम बांधतो. अळंबीचेही तसेच आहे. तिच्या गराचा तुकडा पोषक खाद्यावर ठेवला की त्यातून पांढरे तंतू फुटतात आणि त्याच वाणाचे बी तयार होते. यालाच क्लोनिंग म्हणतात. रानातला माल असाच बाजारात आला आहे. बंगालमधील दुधी अळंबीची शास्त्रीय नोंद पुरकायस्थ व चंद्रा या संशोधकांनी १९७४ साली केली. पुढे १९९८ साली तामिळनाडू कृषी विद्यापीठाने तिचे एपीके-२ हे वाण लागवडीसाठी दिले.

कोणती अळंबी घ्यावी?

वारुळावर उगवणारी अळंबी चवीला उत्तम, पण तिचे जगणे वाळवीवर अवलंबून. घरी तिला फळ धरत नाही, तिच्यामागे पैसा घालवू नये. मेलेल्या लाकडावर शिंपल्यासारखी थराथराने येणारी धिंगरी मात्र भाताच्या पेंढ्यावर चांगली वाढते, आणि पेंढ्याला आपल्या भागात तोटा नाही.

नुसत्या रूपावरून ओळख ठरवू नये. कित्येक विषारी अळंब्यांचे विष शिजवूनही जात नाही, आणि क्लोनिंगने विषारी जातही तशीच वाढते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. तेथील किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांकडून जात निश्चित करून घ्यावी.

कृती

आम्ही पहिल्या खेपेस भर पावसात भिजलेली धिंगरी आणली. तिसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्यांत बुळबुळीत थर आणि दुर्गंधी! भिजलेल्या गरात जिवाणू आधीच मुरलेले असतात. म्हणून पावसाची उघडीप पाहून कोवळी, घट्ट, कीड नसलेली अळंबी घ्यावी. प्लास्टिकच्या पिशवीत न घालता कागदात गुंडाळावी आणि त्याच दिवशी वापरावी.

खाद्यासाठी ५० ग्रॅम बटाटा पाव लिटर पाण्यात उकडून पाणी गाळून घ्यावे. त्यात ५ ग्रॅम ग्लुकोज व ५ ग्रॅम अगर, म्हणजे चायना ग्रास, विरघळवावे. काचेच्या लहान बाटल्या पाव भरून कापसाचे बूच लावावे, वर कागद बांधावा. कुकरमध्ये पूर्ण दाब आल्यावर मंद आचेवर अर्धा तास ठेवाव्यात. कोमट झाल्यावर बाटल्या तिरप्या ठेवून खाद्य गोठू द्यावे. आत पाण्याचे थेंब साचले असतील तर ती बाटली वापरू नये, कारण जिवाणू पाण्यावरूनच पसरतात.

काम बंद खोलीत, पंखा थांबवून करावे. हात व टेबल स्पिरिटने पुसावे आणि ते पूर्ण उडून गेल्यावरच दिवा पेटवावा, नाहीतर भडका उडेल. अळंबीला चाकू लावू नये, कारण चाकूबरोबर बाहेरची घाण आत जाते. ती हाताने उभी फाडावी. देठ व छत्री जुळतात तेथील आतला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तापवून थंड केलेल्या पात्याने काढावा आणि लगेच बाटलीत ठेवून बूच लावावे. एका अळंबीच्या निदान आठ-दहा बाटल्या कराव्यात, त्यांतील काही बिघडणारच.

पारख

तिसऱ्या दिवसापासून रोज पाहावे. कापसासारखे पांढरे तंतू दिसले तर काम साधले. चकचकीत, ओलसर, साय जमल्यासारखा थर म्हणजे जिवाणू, आणि हिरवी भुकटी म्हणजे परकी बुरशी. अशी बाटली न उघडता कुकरमध्ये उकळून मगच धुवावी.

एका कडेला थोडेच जिवाणू असतील तर त्यांच्यापासून सर्वांत दूरच्या टोकाचे तंतू उचलून नव्या बाटलीत घालावेत. त्यावर निर्जंतुक अगरचा लहान तुकडा ठेवावा. तंतू तो भेदून वर येतात, जिवाणू बहुधा खालीच राहतात. वर आलेले तंतू पुन्हा नव्या बाटलीत न्यावेत. असे दोन-तीन वेळा केल्यावर वाण शुद्ध होते.

पुढे हे तंतू गव्हावर वाढवून बी करतात. गहू रात्रभर भिजवावा. नुसत्या उकळीने न मरणारे जिवाणूंचे बीजाणू भिजल्यावर फुटतात आणि मग उष्णतेने मरतात. अर्धवट शिजवलेला गहू कापडावर पसरून वरून कोरडा करावा, बाटल्यांत भरावा आणि कुकरच्या दाबाखाली दीड ते दोन तास ठेवावा. थंड झाल्यावरच त्यात तंतू घालावेत. आंबूस वास आला किंवा दाणे चिकट झाले तर ती बाटली टाकून द्यावी. मोह धरू नये, कारण एक खराब बाटली पेंढ्याच्या कित्येक पिशव्या नासवते.

बी विकणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. बाजारात धान्याच्या एका ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, तेव्हा आतले धान्य पावसाने भिजलेले निघाले. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. आपल्या बाटलीलाही हाच न्याय लागू आहे. शंका असलेला माल ग्राहकाच्या हाती देऊ नये. थोड्या, पण शुद्ध बाटल्यांनी सुरुवात करा. हलाल कमाईत बरकत आहे, इन्शाअल्लाह.