अरारातचा डोंगरी प्रदेश

जलप्रलयानंतर नोहाचे तारू ‘अरारात पर्वतावर’ टेकले, असे सर्रास सांगितले जाते. बायबलातील उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात मात्र ‘अरारातचे पर्वत’ असा अनेकवचनी उल्लेख आहे. तो शब्द शिखराचा नसून प्रदेशाचा आहे. इसवी सनापूर्वी नवव्या ते सहाव्या शतकांत व्हान सरोवराभोवती उरार्तू नावाचे राज्य होते. तेच हे अरारात. एका वचनाने अर्थ किती पालटतो, याचे इतके बोलके उदाहरण व्याकरणाच्या तासासही क्वचितच लाभेल.

आज ज्यास अरारात म्हणतात, तो ज्वालामुखी पर्वत तुर्कस्तानच्या पूर्व टोकास, आर्मेनिया व इराण यांच्या सीमांलगत आहे. उंची ५,१३७ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या तिपटीहून अधिक. माथ्यावर बारमाही बर्फ असते. उत्तरेस आरास नदीचे सखल मैदान पसरले असल्यामुळे तो एकाएकी उभा ठाकल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात कुर्द मेंढपाळ आपले कळप वरच्या कुरणांत नेतात.

आर्मेनियन लोक यास मासिस म्हणतात. त्याचा माथा पवित्र, तेथे माणसाने चढू नये, अशी त्यांची जुनी श्रद्धा होती. १८२९ मध्ये फ्रीड्रिख पारोट व आर्मेनियन लेखक खाचातुर अबोव्यान हे शिखरावर पोहोचले, तरी पुष्कळांनी ते मानलेच नाही. नोहाने पहिला द्राक्षमळा लावला तो उतारावरील अखुरी गावी, अशी आख्यायिका होती. १८४० च्या भूकंपात दरड कोसळून ते गाव मठासह गाडले गेले. १९२१ च्या तहानंतर पर्वत तुर्कस्तानात राहिला. १९९३ मध्ये सीमाही बंद झाली. तरीही आर्मेनियाच्या राजचिन्हावर अरारातच आहे, आणि येरेवान शहरातून तो रोज दिसतो.

‘तारू सापडले का?’ हा प्रश्न मुले विचारणारच. ते सापडल्याच्या बातम्या वेळोवेळी येतात. एकही दावा तपासणीस उतरलेला नाही, हे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे. मात्र कथेची थट्टा करू नये. शतपथ ब्राह्मणात मनूची नौकाही उत्तरेकडील पर्वतास लागते, हे मुलांस सांगण्याजोगे आहे. कुराणात तारू टेकण्याचे स्थान जूदी असे दिले आहे. परंपरेने दाखविला जाणारा जूदी अरारातच्या नैर्ऋत्येस सुमारे ३०० किलोमीटरवर, तैग्रिस नदीजवळ आहे. दोन्ही स्थाने मुलांकडून नकाशात भरून घ्यावीत.