सिलिंडर महिनाभरही का पुरत नाही?

प्रश्न : थंडीत आमचा सिलिंडर महिन्याच्या आतच संपतो. गॅस कमी येतो का? एजन्सी बदलावी का? (एक वाचक, अकोला)

उत्तर : आधी वजन. घरगुती सिलिंडरात १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन गळ्याजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. तिथे १५.३ असेल, तर काट्यावर २९.५ भरायला हवेत. दारात वजन करून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे, डिलिव्हरीवाल्याचे उपकार नव्हेत.

वजन बरोबर निघाले, तर संशय अंघोळीच्या पाण्यावर. २० अंशांचे २० लिटर पाणी ४५ अंशांपर्यंत तापवायला शेगडीवर साधारण ७५ ग्रॅम गॅस जातो. चौघांच्या घरात महिन्याचे झाले ९ किलो! वऱ्हाडात हिवाळ्यातही ऊन भरपूर. गच्ची स्वतःची असेल, तर सौर हीटर बसवणे उत्तम. खेड्यांत पऱ्हाटी-तुराट्यांवर पाणी तापते. सरपण फुकटचे खरे, पण धूर घरातल्या बायांच्या छातीत जातो.

एजन्सी बदलून गॅस स्वस्त होणार नाही. दर तेल कंपन्या ठरवतात. बघायची ती सेवा: सिलिंडर किती दिवसांत येतो, पावती मिळते का, बिलावर वरचे पैसे मागतात का. मागत असतील, तर पोर्टेबिलिटीची सोय वापरून वितरक जरूर बदला. गळतीचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करून, दारे-खिडक्या उघडून, बाहेर येऊन १९०६ वर फोन करावा.