मनीप्लँटची वेल

पॅसिफिक महासागरात ताहिती बेटाजवळ मोरेआ नावाचे एक लहानसे बेट आहे. आपल्या घरोघरी दिसणाऱ्या मनीप्लँटचे ते माहेर होय. (पैशाशी या वेलीचा संबंध केवळ नावापुरता!) अरण्यात ती वृक्षांच्या खोडांना बिलगून त्यांच्या छायेत वाढते, म्हणूनच खिडकीतून येणारा मंद प्रकाशही तिला पुरतो.

या वेलीला उपासापेक्षा अतिलाडाचेच भय अधिक. मातीच्या कणांमधील पोकळीत हवा असते. तिच्यावरच मुळांचे श्वसन चालते. रोज पाणी घातले, की पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळे गुदमरून कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी वर चढविता येत नाही. मग भिजलेल्या मातीतही पाने माना टाकतात. वेल तहानली असे समजून आपण आणखी एक तांब्या ओततो, आणि तिचा घात होतो. यास्तव बोट पेरभर मातीत खुपसून पाहावे. ओल लागल्यास पाणी घालू नये.

मुळे कुजली तरी सारे संपले असे नव्हे. पेराखाली कापलेली हिरवी फांदी पाण्यात ठेवावी; काही दिवसांत पेरातून नवी मुळे फुटतात. पाण्यातच जन्मलेली ही मुळे तेथे तग धरतात. ते पाणी मात्र आठवड्याला बदलावे.

बाटली उंचावर ठेवावी. हे पान चावल्यास तोंडाची आग होते, आणि रांगत्या बाळाला ते कसे कळावे?