चांगदेव या नामाचा विवेक

एका नामाचे अनेक पुरुष असणे हा लोकव्यवहारातील नित्याचा प्रकार होय. ‘चांग’ म्हणजे उत्तम, भले. या शुभ अर्थामुळे यादवकाळी चांगदेव हे नाम प्रचारात होते. व्यवहारात अशा नामसाम्याने फार बिघडत नाही. परंतु ज्या मार्गात नाम, लीळा, मूर्ती आणि चेष्टा यांचे स्मरण हेच साधकाचे नित्य कर्तव्य, तेथे नामाचा घोटाळा झाला तर स्मरणाचा विषयच पालटतो. म्हणून चांगदेव या नामाच्या तीन प्रसिद्ध पुरुषांचा भेद वासनिकांनी नीट ध्यानी घ्यावा.

पहिले चांगदेव ज्योतिषी. सिद्धांतशिरोमणीचे कर्ते भास्कराचार्य यांचे पुत्र लक्ष्मीधर, आणि लक्ष्मीधरांचे पुत्र हे चांगदेव. यादवराजा सिंघणाच्या पदरी ते प्रमुख ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे यासाठी त्यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापिला. त्या मठास निकुंभवंशीय सोइदेवाने शके ११२८ मध्ये दान दिल्याचे तेथील शिलालेखात नमूद आहे. विद्येचा वारसा जपणारे हे एक गृहस्थ पंडित होत.

दुसरे चांगदेव योगी. यांच्या नावे ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. त्यासच ‘चांगदेव पासष्टी’ म्हणतात. मुक्ताबाई त्यांच्या गुरू मानल्या जातात. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव हे गाव आणि गोदातीरीचे पुणतांबे ही स्थाने त्यांच्याशी निगडित आहेत. योगबळाने काळास चुकवून ते चौदाशे वर्षे जगले आणि व्याघ्रावर आरूढ होऊन ज्ञानदेवांच्या भेटीस गेले, अशी लोककथा आहे.

तिसरे श्रीचांगदेव राऊळ, म्हणजेच पंचकृष्णांतील श्रीचक्रपाणी महाराज. फलटण येथे जनकनायक व जनकाइसा यांचे उदरी त्यांनी अवतार स्वीकारिला. यात्रेकरूंच्या संगतीने ते मातापुरास आले. तेथे श्रीदत्तात्रेयप्रभूंनी व्याघ्रवेषाने येऊन त्यांच्या मस्तकी पंजा ठेविला व शक्ती दिली. पुढे द्वारावतीस एका हाती खराटा, एका हाती सूप घेऊन ते मार्ग झाडीत आणि केर गोमतीत टाकीत. बावन पुरुषांस त्यांनी विद्या दिली. तेथेच श्रीगोविंदप्रभूंनी त्यांच्यापासून शक्ती स्वीकारिली. कामाख्या नामक योगिनीच्या निमित्ताने त्यांनी स्वेच्छेने देह त्यागिला आणि भडोच येथील प्रधानपुत्र हरिपाळदेवांचे पतित शरीर धारण केले. तेच सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी.

श्रोत्यांचा घोटाळा प्रायः दुसऱ्या आणि तिसऱ्या नामात होतो. दोन्ही चरित्रांत व्याघ्र आहे, दोन्हीत सामर्थ्याची वार्ता आहे. शिवाय चौदाशे वर्षांच्या कथेमुळे काळाचा भेदही पुसला जातो. म्हणून प्रथम काळ पाहावा. श्रीचक्रपाणींच्या देहत्यागाचा काळ शके ११४३ च्या सुमाराचा मानितात, तर ज्ञानदेवांची ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. दोहोंत सुमारे सत्तर वर्षांचे अंतर आहे. नंतर स्थान पाहावे : एकाचे तापीतट व गोदातीर, दुसऱ्यांचे फलटण, मातापूर व द्वारावती. याच कारणे पंथीय ग्रंथांत ‘द्वारावतीकार’ हे विशेषण येते. ते उच्चारताच संदेह राहत नाही.

शेवटी आणि मुख्यत्वे कार्य पाहावे. कथेतील योगी व्याघ्रास वाहन करितो. येथे व्याघ्रवेषाने स्वयं परमेश्वरच येतात आणि श्रीचक्रपाणी मस्तक पुढे करितात. योगी काळापासून देह राखितो. येथे देह जीर्ण वस्त्रासारखा सहज त्यागिला जातो. योग्यास सामर्थ्याचा अभिमान होता व तो मुक्ताबाईंच्या उपदेशाने गळाला, असे कथाच सांगते. द्वारावतीकारांच्या हाती मात्र आरंभापासून खराटाच आहे.

हे सांगण्यात योगी चांगदेवांचा अनादर नाही. अहंता सोडून वयाने लहान अशा गुरूस शरण जाणे हे थोरपणच होय. तथापि जीव तो जीव आणि परमेश्वर तो परमेश्वर. सिद्धी प्राप्त झाली तरी जीवाचे जीवत्व सुटत नाही. जिव्हेवर ‘चांगदेव’ आणि चित्तात भलत्याच पुरुषाची कथा, असे झाले तर ते स्मरण परमेश्वराचे कसे म्हणावे ? यास्तव उपदेशी जनांनी मुलाबाळांस चरित्र सांगताना केवळ नाम सांगून थांबू नये. नामासवे फलटण सांगावे, मातापूर सांगावे, गोमतीतीरीचा तो खराटा आणि ते सूप सांगावे. लीळेने जोडलेले नाम चुकत नाही.

दंडवत प्रणाम.