राखेची वीट

जळगाव जिल्ह्यात भुसावळ शहराजवळ दीपनगर नावाची वसाहत आहे. तापीच्या खोऱ्यातील केळीच्या बागा आणि कपाशीची शेते मागे टाकून तिकडे जाऊ लागले, की औष्णिक विद्युत् केंद्राची उंच धुराडी प्रथम नजरेत भरतात. या केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात. त्या वाफेच्या जोराने मोठमोठी चक्रे फिरतात व वीज निर्माण होते. येथील दोन संच तर प्रत्येकी 500 मेगावॉटचे आहेत.

परंतु जेथे जाळ, तेथे राख ही असावयाचीच. आपल्या देशातील 100 किलो कोळसा जाळला, तर साधारणपणे 30 ते 40 किलो राख उरते. चुलीतील मूठभर राख भांडी घासण्याच्या कामी येते. पण जेथे रोज हजारो टन कोळसा जळतो, तेथील राखेचे करावयाचे काय? वाऱ्यावर उडाली, तर ती पिकांवर बसते आणि माणसांच्या छातीत जाते. पाण्यात कालवून तळ्यात साठविली, तर कितीतरी जमीन अडून राहते.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम कोळशाचे कूळ पाहावे लागते. कोळसा हा दगडासारखा दिसला, तरी मुळात तो वनस्पतींचा अवशेष आहे. सुमारे 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वी आपल्या भूमीवर विस्तीर्ण दलदली होत्या. त्या काळी पृथ्वीवर फुलझाडे नव्हती, पक्षी नव्हते. मग मनुष्य कोठून असणार? दलदलीतील झाडे उन्मळून चिखलात गाडली गेली आणि वरच्या थरांच्या दाबाने व उष्णतेने त्यांचा कोळसा झाला.

कोळशाच्या थरांलगतच्या खडकांत जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे आढळतात. शास्त्रज्ञ या वनस्पतीस ग्लोसोप्टेरिस म्हणतात. इंग्रज संशोधक कॅप्टन स्कॉट 1912 साली दक्षिण ध्रुवावर पोहोचले. परंतु परतीच्या वाटेवर थंडीने व उपासमारीने ते आणि त्यांचे सोबती मरण पावले. पुढे त्यांचा तंबू सापडला, तेव्हा जवळ सुमारे 16 किलो खडक होते. पाऊल उचलणे कठीण झाले असतानाही त्यांनी ते ओझे टाकले नव्हते! त्या खडकांत याच पानांचे ठसे निघाले. भारत आणि बर्फाच्छादित अंटार्क्टिका ही एके काळी एकाच भूखंडाचे भाग होती, या मतास त्यामुळे मोठी बळकटी आली. मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून त्या भूखंडास गोंडवनभूमी असे नाव मिळाले आहे.

त्या दलदलीत झाडांबरोबर पुराच्या पाण्याने आणलेला गाळही साचत असे. म्हणूनच आपल्या कोळशात राख अधिक. कारण राख म्हणजे बहुतांशी तोच प्राचीन गाळ होय. भट्टीच्या प्रचंड उष्णतेत तो वितळतो, धुराबरोबर वर जाताना चटकन थिजतो आणि त्याचे काचेसारखे सूक्ष्म गोल कण बनतात. धुराड्यातून बाहेर पडण्यापूर्वीच विजेच्या साहाय्याने हे कण पकडता येतात.

या कणांचा एक गुण बांधकामशास्त्रज्ञांनी हेरला. चुना आणि पाणी यांच्या संगतीत ते घट्ट होतात. प्राचीन रोमन लोक ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळून भिंती बांधीत, त्यातील रहस्यही हेच. राख, चुना किंवा सिमेंट, वाळू आणि पाणी यांचे मिश्रण यंत्रात दाबले, की वीट तयार होते. ती भट्टीत भाजावी लागत नाही. काही दिवस पाणी मारीत राहिले, म्हणजे ती कठीण होते. शिवाय शेतातील सुपीक मातीही वाचते. मातीचा एक इंच थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. तो खणून विटा पाडणे म्हणजे भावी पिढ्यांच्या तोंडचा घास काढणे होय. हे ओळखून 1999 साली भारत सरकारने औष्णिक केंद्रांच्या परिसरातील विटांत राख वापरण्याचा नियम केला.

तथापि, केवळ नियमाने भिंत उभी राहत नाही. घर कोसळले, तर माणसे दगावतात. म्हणून प्रत्येक नव्या मिश्रणाची परीक्षा घेतात. राख मिसळलेल्या काँक्रीटचे ठोकळे पाण्यात ठेवून, 28 दिवसांनी ते यंत्राखाली फुटेपर्यंत दाबून पाहतात. राखेचे काँक्रीट आरंभी सावकाश बळ धरते. परंतु मिश्रण योग्य असेल आणि पाणी नीट मिळाले असेल, तर पुढे अनेक महिने त्याचे बळ वाढतच राहते. घाई करणाऱ्यास ते कच्चे वाटते, धीर धरणाऱ्यास ते पक्के ठरते.

दीपनगरसारख्या ठिकाणी राखेचे ढीग पाहून नाक मुरडणे सोपे आहे. पण ज्यांनी दगडातील पान ओळखले आणि ज्यांनी राखेतील बळ मोजले, त्यांच्या कष्टांमुळे त्या ढिगातूनच घराची भिंत उभी राहू शकते.