स्पिराला निघालीस, तर एवढं ऐकून जा

‘फायनल फँटसी टेन’ घेतलास हे ऐकून फार बरं वाटलं. आता मामाचं थोडं ऐक. गेम संपेपर्यंत त्याचं नाव यूट्यूबवर शोधू नकोस. तो 2001च्या जुलैत जपानमध्ये प्लेस्टेशन 2वर आला, आणि इतक्या वर्षांनी त्याचा शेवट कुणी झाकून ठेवत नाही. व्हिडिओच्या शीर्षकातच फोडून टाकलेला असतो. कुठे अडलीस तर मला विचार. जेवढं हवं तेवढंच सांगेन, पुढचं एक अक्षर बोलणार नाही.

तुझे मित्र म्हणतील की हा गेम एकाच सरळ रस्त्याने नेतो, मोकळं फिरू देत नाही. खरं आहे. आधीच्या ‘फायनल फँटसी’मध्ये जगाचा मोठा नकाशा असायचा, त्यावर हवं तिकडे जाता यायचं. दहाव्यात तो काढून टाकला, आणि माझ्या मते ते योग्यच केलं. सिन नावाचं अजस्र संकट स्पिरातली, म्हणजे गेमच्या जगातली, गावंच्या गावं उद्ध्वस्त करतं. त्याला थोपवायला यूना बेसेड बेटावरून यात्रेला निघते, देवळामागून देऊळ करत झानार्कंडपर्यंत. तू ज्याला चालवतेस तो टिडस तिच्या रक्षकांपैकी एक. तिच्यापुढे रस्ता एकच आहे, मग तुझ्यापुढेही एकच असणार. त्या रस्त्यावरून धावू नकोस. कथा पुरी व्हायला चाळीस-पन्नास तास लागतात. रोज दीड-दोन तास दिलेस तर पुष्कळ झालं. एका शनिवार-रविवारात उरकायचा हा गेम नाही.

तू घेतलेली नवी आवृत्ती, म्हणजे रीमास्टर, सुरुवातीलाच तुला विचारेल, स्फिअर ग्रिड (पात्रं जिच्यावर नवी कौशल्यं शिकतात ती जाळी) स्टँडर्ड हवी की एक्स्पर्ट? स्टँडर्ड घे. त्यात प्रत्येकाची वाट आखलेली असते, कुणाला काय शिकवायचं याचा घोळ होत नाही. एकदा निवडलं की मध्येच बदलता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लढाईत एका वेळी तिघंच उभे असतात, पण एल-वन दाबून कुणालाही, केव्हाही आत घेता येतं. बदलण्यात वेळ वाया जात नाही. जो आत येतो तो त्याच क्षणी चाल करतो. उजवीकडे कुणाची पाळी कधी येणार ती यादी दिसते, ती वाचायची सवय लाव. उडणाऱ्या शत्रूला वाक्काचा चेंडू लागतो. चपळ लांडग्यांना टिडस गाठतो. जाड कवचाच्या प्राण्यांवर ऑरॉनची तलवार चालते. थुलथुलीत फ्लॅनवर तलवार वाया जाते, तिथे लुलूची जादू हवी. यंत्र समोर आलं की रिक्कूला आत घे आणि ‘स्टील’ कर; भाग चोरला की यंत्र जागीच कोसळतं. किमारीकडे ‘लॅन्सेट’ आहे. त्याने काही शत्रूंची विद्या तो उचलतो, म्हणून नवा शत्रू दिसला की एकदा लॅन्सेट करून बघ.

ज्याने लढाईत एकही चाल केली नाही त्याला एपी, म्हणजे ग्रिडवर पुढे जायचे गुण, मिळत नाहीत. म्हणून प्रत्येकाला निदान एकदा आत घे, काही सुचलं नाही तर नुसता बचाव करायला लाव. घाई असलेले लोक तिघांनाच तयार करतात आणि बाकीचे कच्चे राहतात. पुढे लढाया जड जातात हे तर झालंच, पण मला त्याहून जास्त खंत दुसऱ्या गोष्टीची वाटते. काझुशिगे नोजिमांनी ही कथा सात जणांची लिहिली आहे. लुलू अशी तुटक का बोलते, वाक्का अल भेद लोकांचं नाव काढलं की का बिथरतो, किमारी गप्प का असतो, हे तुझ्या आत पोचायला ही माणसं तुझ्या हाताखालून रोज जावी लागतात. ज्याला तू वीस तास बाकावर बसवलंस त्याच्या दुःखाचा प्रसंग आला, की तो परक्याचाच वाटतो.

सेव्ह करताना एकाच जागी सेव्ह करत जाऊ नकोस. चार-पाच वेगवेगळ्या ठेव. काही ठिकाणी सेव्ह केल्यावर मागे फिरता येत नाही, आणि पुढची लढाई तुझ्या ताकदीबाहेरची असेल तर तिथेच अडकून पडशील. सेव्ह स्फिअरला हात लावला की सगळे ताजेतवाने होतात, म्हणून तो दिसला की आसपास थोड्या लढाया करून घ्यायच्या.

दोन लढायांची तयारी आधीच करून ठेव. गागाझेट पर्वतावर एकजण तुमच्यातल्या एकाला भाल्याने झोंबी करतो आणि लगेच त्याच्यावर जिवंत करायची जादू टाकतो. झोंबीवर ती उलटी पडते, माणूस मरतो. तेव्हा होली वॉटर भरपूर जवळ असू दे आणि झोंबी केल्या केल्या ते वापर. टिडसला तोवर ‘हेस्टेगा’ आलेला हवा. पुढे झानार्कंडला आणखी एक लढाई आहे, कुणाशी ते सांगत नाही. तिथे शेवटच्या टप्प्यात मात्र अंगावरचं झोंबीपण लगेच उतरवू नकोस. सगळ्यांना एकदम मारणारा एक वार येतो आणि झोंबी असलेलेच त्यातून उभे राहतात.

देवळातल्या कोड्यांमध्ये डिस्ट्रक्शन स्फिअर नावाची वस्तू असते. ती वापरून तिथली पेटी उघडूनच बाहेर पड. रीमास्टरमध्ये नंतर परत जायचं म्हटलं तर काही ठिकाणी फार बलाढ्य शत्रू वाट अडवतात. बेसेडला यूनाला पहिला एऑन, म्हणजे तिच्या हाकेला धावून येणारा बलाढ्य जीव, मिळाला की गावातल्या कुत्र्याशी बोल. हो, कुत्र्याशीच. त्याच्याकडे त्या एऑनसाठी काहीतरी आहे.

आणि माणसांशीही बोल. मेचेन नावाचे एक म्हातारे अभ्यासक रस्त्यात भेटतील, स्पिराचा इतिहास सांगत बसतील. कंटाळू नकोस, शेवटपर्यंत ऐक. ते सांगतात त्यातलं बरंच पुढे कामाचं आहे. गावकरी हात गोल फिरवून त्यांच्या येव्हन धर्माची प्रार्थना करतात. ती खूण टिडसच्या ओळखीची आहे, ब्लिट्झबॉल या त्याच्या खेळातली. ती कोण करतं आणि कोण करत नाही, हे बघत जा. अल भेदांची भाषा आधी अजिबात कळणार नाही. एकेक प्रायमर सापडेल तसं एकेक अक्षर उलगडतं, असे 26 आहेत. वाटेत दिसेल तो उचल, पण भाषांतर बाहेर शोधू नकोस. टिडसलाही ती कळत नाही. त्याच्यासारखंच गोंधळून अल भेदांच्या जहाजावर उभं राहायला हवं.

मशरूम रॉक रोडवर गट्टा नावाचा तरुण शिपाई तुझ्याशी मन मोकळं करेल. तू त्याला काय सांगतेस यावर पुढे काही ठरतं. जे घडेल ते घडू दे. जुनी सेव्ह उघडून उत्तर बदलू नकोस. तू दिलेल्या सल्ल्याचं ओझं घेऊन पुढे चालणं हाही या गेमचाच भाग आहे.

किलिकाला पोचशील तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि हेडफोन लाव. सिनने गाव मोडून टाकलेलं असतं. मेलेल्यांना पाण्यात ठेवलेलं असतं, काठावर त्यांची माणसं उभी असतात. यूना अनवाणी पाण्यावर चालत जाते आणि काठी फिरवत नाचायला लागते. तिच्या पायाखालचं पाणी खांबासारखं वर चढतं, प्रेतांतून प्रकाशाचे ठिपके सुटतात. काठावर कुणीतरी रडत कोसळतं. टिडसला यातलं काही माहीत नसतं, तो नुसता बघत राहतो. या प्रसंगानंतर त्या दिवशी पुढे खेळू नकोस. जवळच सेव्ह कर आणि बंद कर.

लुकामध्ये टिडस आणि यूना मोठमोठ्याने हसतात, तो तुकडा लोक थट्टेसाठी पाठवत असतात. अभिनय वाईट आहे म्हणून ते तसं ऐकू येत नाही. त्या मुलाला नुकतंच काय कळलंय ते आठव, आणि ते हसू ओढूनताणून आणलेलं का आहे ते तुला समजेल. या मालिकेत पात्रांना आवाज मिळाला तो पहिल्यांदा याच गेममध्ये. त्याच पहिल्या खेपेला त्यांनी असा अवघड प्रसंग घेतला, याबद्दल मला आदरच वाटतो.

ब्लिट्झबॉलची लुकातली मॅच हरलीस तरी कथा अडत नाही. लुकाला जाणाऱ्या जहाजावर ‘जेक्ट शॉट’ शिकून घेतलास तर जिंकायची शक्यता वाढते, एवढंच. सलग 200 विजा चुकवणं, चोकोबोची शर्यत, हे पहिल्या वेळी सोडून दे.

शेवटाकडे आकाशजहाज हाती येतं आणि सगळं जग खुलं होतं. इथे पुष्कळ लोक चुकतात असं माझं ठाम मत आहे. ते शस्त्रं जमवत, ताकद वाढवत महिनोन् महिने फिरतात. मग शेवटच्या लढाईला उभे राहतात तेव्हा ती चार-दोन फटक्यांत संपते, आणि झानार्कंडला मनात जे उसळलेलं असतं ते कधीच निवलेलं असतं. तू फार तर चार-पाच दिवस फिर, अर्धवट राहिलेली एखाद-दुसरी गोष्ट पुरी कर आणि जा. लढाई थोडी अवघड राहू दे. बाकीचं सगळं नंतर करता येतं.

नवा गेम सुरू केलास की पहिल्याच दृश्यात नोबुओ उएमात्सुंचा पियानो वाजतो. तो पुरा होऊ दे, मगच बटण दाब. प्लेस्टेशन 4 आणि पीसीवर जुनं संगीत निवडायची सोय आहे. मी जुनंच निवडेन. तू दोन्ही ऐक आणि ठरव.

तुझ्या रीमास्टरमध्येच ‘टेन-टू’ आहे, 2003चा पुढचा भाग. दहावा संपल्या संपल्या तो उघडू नकोस. त्याचा सूर अगदी वेगळा आहे, आणि पहिल्या दहा मिनिटांतच त्याच्यावर अन्याय होईल. निदान महिनाभर जाऊ दे. मधल्या काळात कुणाशी बोलावंसं वाटलं तर मला फोन कर, रात्री उशीर झाला असला तरी.