शाळेतील मत्स्यपेटी व तिचे पाणी

शाळेत काचेची मत्स्यपेटी मोठ्या हौसेने मांडली जाते. परंतु पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांतच मासे मरतात व मुले हिरमुसली होतात. पाणी तर स्वच्छ दिसत असते. मग दोष कोठे असतो?

माशांच्या कल्ल्यांतून, तसेच उरलेले खाद्य कुजल्याने, पाण्यात अमोनिया उतरतो. तो डोळ्यांस दिसत नाही. मात्र अल्प प्रमाणातही विषारी ठरतो. वाळूवर वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य होय. हे जीवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात.

म्हणून आरंभी दोन-तीनच मासे सोडावेत व दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावे. क्लोरीन माशांस व जीवाणूंस मारक असल्याने नळाचे पाणी २४ तास उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरावे. सर्व पाणी उपसून वाळू घासून धुण्याचे टाळावे. त्या अतिस्वच्छतेने उपकारक जीवाणूच नष्ट होतात.

पाणी बदलल्याची तारीख मुलांनी वहीत नोंदवावी. स्वच्छ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही, ही गोष्ट पिण्याच्या पाण्यासही लागू आहे, हे शिक्षकांनी या निमित्ताने वर्गात समजावून द्यावे.